सोमवारची चटई

गुरुवारी सकाळी नऊला मोएलांगीचं वजन व्हायचं आणि बुधवारी दुपारपासूनच शिवणयंत्रावर तिचे टाके चुकायला लागायचे. काट्याला ती घाबरत नव्हती. काटा बिचारा तिच्या बाजूने होता. अकरा आठवड्यांत ती एकशे बारा किलोवरून एकशे एकवर आली होती, आणि तेही अशा घरात राहून, जिथे रविवारच्या जेवणाला नारळाच्या दुधातली पानं आणि डुकराचा तुकडा नको म्हणणं हा वाढणाऱ्याचा अपमान समजला जातो. ती घाबरायची तिवोलीला. काटा तिवोलीच्या खोलीत होता आणि त्या खोलीला आतून कडी होती.

एवढं वजन उतरवायचा अट्टहास भावासाठी होता. सामासोनी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, घरचा माताई. म्हणजे कुटुंबाचा मुख्य. घराण्याचं नाव त्याच्याकडे, गावच्या बैठकीत टेकायचा खांब त्याचा. आणि दोन वर्षांपासून त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केलेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा आठवड्यातून तीनदा शहरात, आपियाला जाऊन चार तास मशीनला जोडून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस मिळायचे. बहिणीची किडनी जुळली. ऑकलंडचे डॉक्टर म्हणाले, घेऊ, पण बाईंचं वजन सोळा आठवड्यांत पंचाण्णववर आलं पाहिजे, नाहीतर भूल द्यायची जोखीम आम्ही घेणार नाही. ऑपरेशनची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. त्यांनी एक गुलाबी कार्ड दिलं. दर आठवड्याचं वजन, व्यायामाचे तास आणि खाली 'व्यायामशाळेच्या प्रशिक्षकाची सही'.

गावातल्या गावात चालून वजन उतरलं असतं तर किती बरं झालं असतं. पण एक गुडघा आधीच कुरकुरणारा आणि गल्लीगल्लीतली कुत्री अशी, की मागच्या वर्षी पोटरीचा लचका तोडून झाला होता. म्हणून टायरच्या दुकानाच्या माडीवरची जिम. तिथे बसून चालवायची सायकल होती, आणि तिवोली होता.

तिवोली चाळिशीचा, गोड गळ्याचा, चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभा राहणारा. निवृत्त एलिया मास्तरांचा धाकटा मुलगा. पहिल्या आठवड्यात पाठ सरळ करायच्या निमित्ताने त्याचा हात जिथे ठेवायचा तिथे होता, दुसऱ्या आठवड्यात खाली सरकला. मोएलांगीने मानलं की चुकून असेल. आपल्याकडच्या बायकांना चुकून असेल मानायची फार हौस. तिसऱ्या गुरुवारी त्याने खोलीची कडी लावली आणि म्हणाला, "कमरेचा लावालावा काढ. त्या कापडाचंच दीड किलो भरतं. ऑकलंडवाले असलं वजन धरत नाहीत."

ती उभीच राहिली. तो कार्डावर पेन धरून थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा पुढे सरकत होता. मग तिने डोळे मिटले आणि गाठ सोडली. तो काट्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत राहिला, आकडा लिहायला त्याला चार मिनिटं लागली.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. मध्ये त्याने फॉर्मावरून तिचा नंबर उचलला. 'आज सायकलवर वीसच मिनिटं? माझा कंटाळा आला का?' असे मेसेज यायला लागले, शिवणयंत्रावर बसलेली असताना, प्रार्थनेला बसलेली असताना. चुलत बहिणीला सोबत नेलं तर त्याने नियम दाखवला, खोलीत एका वेळी एकच सभासद. बाईकडून वजन करून घेते म्हणाली, तर जिममधली एकुलती एक बाई शनिवारी नाच शिकवायला यायची आणि तिला सहीचा अधिकार नव्हता. मोएलांगी घरी येऊन न्हाणीत इतका वेळ पाणी ओतून घ्यायची की फेतू आत्या बाहेरून ओरडायची, "अगं, टाकीत दुसऱ्यांसाठीही ठेव काही."

सांगणार कुणाला? भावासमोर बहिणीने असले शब्द उच्चारायचे नसतात आणि भावाने ऐकायचे नसतात. चित्रपटात जरा काही वेगळं दिसलं तरी दोघांपैकी एकजण उठून जातो. पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. बहिणीला कुणी बोट लावलं तर भावाने काय करायचं असतं हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सामासोनी कोयता घेऊन निघाला असता. त्याला कोयता उचलायची ताकद उरली नव्हती, तरी निघाला असता. मग तुरुंग नाहीतर मार, आणि दोन्हीकडे मशीन नाही. आपण तोंड उघडलं तर भाऊ मरेल आणि जिम सोडली तरी भाऊ मरेल, एवढा सरळ हिशेब तिने मनाशी मांडला होता आणि मशीनचे दिवस सोडून रोज पहाटे पाचला उठून ती बसमध्ये बसत होती.

अकराव्या गुरुवारी त्याने हात पुढे केला, फक्त बघण्यावर भागेना म्हणून. मोएलांगीने तो झटकला. जोरात झटकला, अकरा आठवडे वजनं उचललेला हात होता.

तिवोली हसला. कार्ड ओढून त्याने आकडा लिहिला, एकशे चार.

"एकशे एक आहे," ती म्हणाली. "काट्यावर बघ."

"मला एकशे चार दिसतंय. डोळे कमजोर झालेत माझे." त्याने सही ठोकली. "पुढच्या गुरुवारी शहाण्यासारखी वागलीस तर दिसेल नीट."

त्या तीन किलोंनी तिचं कंबरडं मोडलं. पाच आठवडे राहिले होते आणि कार्ड सांगत होतं की बाई खा-खा खातेय. टायरच्या दुकानासमोर, लोकांच्या देखत, ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. रडून झाल्यावर पुन्हा जिना चढली आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

पेनीनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पंखा तिच्याकडे वळवला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "कुणी पाहिलंय का गं?"

"कडी आतून लावतो तो. पाहणार कोण?"

"तसा तो चेष्टेखोर आहेच. पण मास्तरांचा मुलगा आहे, म्हणून म्हटलं." त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहून दे. मी बघते."

मोएलांगीने लिहून दिलं. अकरा गुरुवार, तारखांसकट. कागद देताना तिने बाईंचे हात धरले. "माझ्या भावाला कळू देऊ नका. हात जोडते. तो आजारी आहे."

"माझ्या तोंडून तुझ्या भावाला एक शब्द जाणार नाही," पेनीनाबाई म्हणाल्या.

आणि बाईंनी शब्द पाळला. त्यांनी भावाला काहीच सांगितलं नाही. त्यांनी शनिवारी गायनाच्या तालमीनंतर तो कागद एलिया मास्तरांच्या हातात ठेवला, घरातल्या घरात मिटवून टाका, पोलिसांपर्यंत कशाला, असं म्हणून. जिमचं नाव खराब होऊ नये, चर्चचं होऊ नये, मास्तरांचं होऊ नये. एका बाईने एवढ्या सगळ्यांची काळजी घेतली.

सोमवारी पहाटे मोएलांगी कोको ढवळत होती. सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस. शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन, मध्ये रविवारचं जेवण; अंगात पाणी साचून सामासोनीचे पाय खांबांसारखे झालेले, चार शब्द बोलला की मध्ये दम घ्यायचा. नऊला खुर्ची. साडेनऊपर्यंत पोचलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला देतात आणि आपलं नाव उद्याच्या यादीत कुठेतरी घुसडतात. गाडी मोएलांगीच चालवायची, आठच्या आत निघायचं.

फेतू आत्या अंगणात झाडू घेऊन गेली आणि तशीच परत आली. झाडू हातातून पडला होता.

"इफोंगा," ती एवढंच म्हणाली.

फालेला, म्हणजे इथल्या खांबांवरच्या घराला, भिंती नसतातच, सगळं समोर दिसत होतं. अंगणाच्या मध्यावर, नुकत्याच फटफटलेल्या उजेडात एक माणूस मांडी घालून, मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या डोक्यावरून पार जमिनीपर्यंत जुनी, रेशमासारखी मऊ, पिवळी पडलेली मानाची चटई पांघरलेली होती. मागे सहा-सात माणसं तशीच खाली मान घालून. खून झाला, इज्जत गेली, की अपराध्याच्या घरचे असे माफी मागायला येऊन बसतात, तीच इफोंगा. ज्याचं नुकसान झालं त्या घरच्या माताईने बाहेर यायचं. चटई उचलली तर माफी, कायमची. नाही उचलली तर त्याच्या हातात जे असेल ते. आणि दारात चटई पडलेली असताना घरचा माताई अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही.

तिने पेनीनाबाईंना जे जे कळू देऊ नका म्हटलं होतं, ते सगळं अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत अंगणात येऊन बसलं होतं.

सामासोनी खांबाला धरून उठला. शर्ट घातला. सावकाश बाहेर गेला आणि ओट्यावर बसला. कोयता खांबालाच टेकवून ठेवलेला असायचा, नारळ सोलायला. पलीकडच्या माणसांनी तो पाहिला आणि त्यांच्या माना अजून खाली गेल्या.

मागच्या रांगेतला एकजण, मास्तरांचा भाऊ, बोलायला लागला. घराण्यांची नावं झाली, देवाचं झालं, आणि मग, "आमच्या पोराकडून, त्या व्यायामाच्या जागी, या घरच्या लेकीचा मान राखला गेला नाही."

सामासोनीचा चेहरा हलला नाही. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पाठमोराच, मोठ्या कष्टाने, त्याने विचारलं, "मोए. खरं आहे?"

"हो."

"कधीपासून?"

आत्याच म्हणाली, "अरे, उचल ना ती चटई. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ बसवशील?"

"म्हातारा?" मोएलांगीने विचारलं. "चटईखाली कोण आहे?"

"मास्तर," मागच्या रांगेतून उत्तर आलं.

"आणि तिवोली?"

मग एका बाईने, त्याच्या बहिणीने असेल, अगदी हळू सांगितलं, "त्याची ड्यूटी आहे. सहाला जिम उघडावी लागते."

मोएलांगीला हसू आलं, आणि ते हसू तिचं तिलाच सहन झालं नाही. त्याने शटर वर केलं असेल. पंखे लावले असतील. आत्ता कुणाचं तरी पोस्चर नीट करत असेल. इथे त्याचा पंचाहत्तर वर्षांचा बाप, ज्याने तिला नववीला गणित शिकवलं, मान मोडून बसला होता. चटई उचलली की सगळं धुतलं जाणार. गुरुवारी तीच खोली, तीच कडी, आणि आता तक्रार करायची सोयही गेली. माफ केलेल्या माणसाबद्दल पुन्हा तोंड उघडणाऱ्या बाईला इथे कुणी दारात उभी करत नाही.

"मोए," सामासोनी म्हणाला, अजून पाठमोराच. "तुझं आहे हे. मी माताई असलो तरी. उचलू की नको, तू सांग."

सात वाजले. ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं. शेजारपाजारचे लोक रस्त्यावर उभे राहिले होते. आत्या मोएलांगीच्या कानाशी लागली. "उचल म्हण आणि मोकळी हो. त्याच्या पायांकडे बघ. नऊला पोचायचंय. तुझ्यापायी भावाला मारणारेस का?"

सामासोनीचे पाय खरंच बघवत नव्हते. तो तोंडाने श्वास घेत होता आणि तसं दिसू नये म्हणून ओठ आवळत होता. मोएलांगीने तोंड उघडलं. 'उचल' हा शब्द जिभेवर आला होता. भावासाठी तिने नऊ वेळा गाठ सोडली होती, आता एक शब्द म्हणायचा होता फक्त.

पण मग तिला वाटलं, निदान एकाने तरी ऐकावं. ज्याच्यासाठी माफी मागायला आलेत, ते काय आहे हे त्यांना माहीत तरी असावं. भावाच्या कानावर न पडता सांगता येईल अशी एकच जागा अंगणात होती.

ती ओटा उतरली. मास्तरांसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली, दुखऱ्या गुडघ्यावरही, आणि चटईची कड उचलून आत शिरली.

बाहेर कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. असं कुणी कधी केलेलं नव्हतं. करायचं नाही असा नियमही नव्हता, कारण असं कुणाच्या मनातच आलं नसतं.

आत गरम होत होतं, जुन्या पेटीचा आणि घामाचा वास होता. मास्तरांचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर. त्यांनी चष्मा काढून मुठीत धरला होता.

"मोएलांगी," ते म्हणाले. "तू आत यायचं नव्हतंस, बाळ."

"तुम्ही कागद वाचलात?"

"पहिली ओळ वाचली. पुढे वाचवलं नाही."

"मग ऐका." आणि तिने सांगितलं. कडी, लावालावा, चार मिनिटं. मेसेज. एकशे चार. आवाज न चढवता, जसं नववीत फळ्यापाशी उभी राहून गणित सोडवून दाखवायची तसं, एकेक पायरी. मध्ये एकदा मास्तरांनी कानांवर हात नेले आणि तिने ते खाली घेतले.

ती थांबल्यावर त्यांनी मुठीतला चष्मा खाली ठेवला. मग म्हणाले, "भावाला सांग, उचल. मी पाया पडतो तुझ्या. माझ्याच्याने आता पुन्हा होणार नाही."

"पुन्हा?"

मास्तरांनी डोळे मिटले.

"पुन्हा म्हणजे काय, मास्तर?"

"चार वर्षांपूर्वी. सवाईई बेटावर, बोटीने गेलो होतो. हीच चटई होती. तो तिकडच्या शाळेत खेळ शिकवायचा." शब्द एकेक करून येत होते. "त्यांनी लगेच उचलली. चांगले लोक. जेवूनसुद्धा घातलं आम्हाला."

"आणि ती मुलगी?"

"तिचं नाव मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले, आणि रडायला लागले.

मोएलांगी तशीच बसली. त्यांच्या रडण्याची तिला दया आली, खरंच आली. आणि रागही एवढा उसळला की तिला वाटलं आपण ओरडणार. कुणीतरी भला माताई पहाटे उठला होता, एका म्हाताऱ्याची दया येऊन त्याने चटई उचलली होती. म्हणून तिवोलीला पेनीनाबाईंकडे नोकरी मिळाली. म्हणून कडी. आज या अंगणात उचलली तर चार वर्षांनी मास्तर नसतील, पण चटई असेल, आणि कुणाच्या तरी अंगणात दुसरं कुणीतरी ती पांघरून बसेल.

ती बाहेर आली. उजेडाने डोळे दिपले. केस चटईला अडकून सुटले होते.

"सामा," ती म्हणाली, "उचलू नकोस."

आत्याने गळा काढला. पलीकडची माणसं जमिनीला चिकटली. मास्तरांच्या भावाने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. सामासोनी उठला. खांबाला टेकून उठावं लागलं, आणि हात नेमका कोयत्याजवळ गेला. मोएलांगीला कळलं की नकार दिल्यावर भावाने काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिने त्याला तिथपर्यंत स्वतः आणून सोडलं होतं.

त्याने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली.

मग पायऱ्या उतरला, मास्तरांजवळ गेला, आणि चटईला हात न लावता वाकून म्हणाला, "मास्तर, ऊन चढलंय. सावलीत बसा, आत्या शहाळं देईल. चटई घरी घेऊन जा. ती तुमच्या डोक्यावर शोभत नाही, आणि ज्याच्या डोक्यावर हवी होती तो आलेला नाही."

गाडीत बसल्यावर त्याला दोन मिनिटं बोलताच आलं नाही. मोएलांगीने गाडी सुरू केली. पावणेआठ झाले होते. अजून वेळ होता. तिने मनात रस्ता मोजायला सुरुवात केली.

"पोलिसांत चल," तो म्हणाला.

"आधी दवाखाना."

"पोलिसांत."

"सामा, वेडेपणा करू नकोस. आज सोमवार आहे. तुझे ओठ बघ आरशात."

"ऐक माझं." त्याने दम घेतला. "चार तास मी मशीनवर. तेवढ्यात पाद्रीबाबा घरी. पेनीनाबाई केक घेऊन घरी. मला उतरवल्यावर मी उभा पण राहू शकत नाही. तू कोको करशील सगळ्यांना." पुन्हा दम. "आणि हो म्हणशील. मी ओळखतो तुला. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून तू काहीही करशील."

खरं होतं.

"माझ्यासाठी सहन केलंस ना हे सगळं?"

"मग कुणासाठी?"

"ते सांगायचं होतंस." तो खिडकीबाहेर बघत होता, तिच्याकडे बघून त्याला हे बोलता आलं नसतं. "असल्या किमतीला ती किडनी घेतलीच नसती मी. मेलो असतो तरी."

"म्हणूनच नाही सांगितलं," मोएलांगी म्हणाली, आणि तिचे डोळे इतके भरले की तिला गाडी हळू करावी लागली.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "किती राहिले?"

"सहा. कार्डावर नऊ."

"मग चालून उतरव. मी मागून गाडी आणतो. कुत्र्यांना दगड मारायला."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला सांग, माताईने सांगितलंय."

ती हसली, नाक पुसलं. जिमच्या रस्त्याने जावं लागलं. टायरच्या दुकानावरचं शटर वर होतं आणि आत दिवे लागलेले होते. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. आपियाच्या पुलाजवळ एक ट्रक आडवा झाला होता, तिथे पाऊण तास गेला. सामासोनीने पट्टा काढला, शर्टाची वरची बटणं काढली, डोकं मागे टेकलं. मोएलांगी मिनिटाला एकदा म्हणत होती, "वळवते मी, दवाखान्याला वळवते," आणि तो डोळे न उघडता बोटाने पुढे दाखवत होता.

पोलीस ठाण्यात भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. बायकांच्या तक्रारी घेणारी बाई चहाचा पेला घेऊन आली, बसली, नवी वही उघडली. तिने दोघांकडे पाहिलं आणि न विचारताच तिला कळलं.

"भाऊ का? तुम्ही बाहेर बसा. तुमच्यासमोर ती बोलायची नाही."

सामासोनी बाहेर गेला. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून एक क्षण थांबला, तोल सावरायला.

बाईने पेन उघडलं. नाव विचारलं, गाव विचारलं, घराण्याचं नाव विचारलं, ते सगळं मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं. तिचं अक्षर फार सुंदर होतं आणि ती ते घाईने बिघडवणाऱ्यांपैकी नव्हती. नऊ वाजून बारा मिनिटं झाली.

मोएलांगी सारखी घड्याळाकडे बघत होती. बाईने ते पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि आपला हात तिच्या हातांवर ठेवला. चांगली बाई होती.

"सावकाश सांग, बाळ," ती म्हणाली. "आपल्याला काही घाई नाही."

खिडकीच्या काचपट्ट्यांतून सामासोनी दिसत होता. तो पायरीवर बसला होता. चपला पायांतून निघत नव्हत्या म्हणून त्याने त्या तशाच राहू दिल्या होत्या, तोंड उघडं होतं, आणि छाती प्रत्येक श्वासाला खांद्यांसकट वर येत होती. बहिणीचं बोलणं कानावर पडू नये म्हणून त्याने दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले होते.

"घाई आहे," मोएलांगी म्हणाली, आणि पहिल्या आठवड्यापासून भराभर सांगायला लागली.